गाण्याच्या क्लासासाठी डब्ल्यूएम ८९६०: माइकची बाजू झकास, स्पीकर जेमतेम

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या गाण्याच्या बाईंना जे यंत्र हवं होतं ते तयार मिळत नाही. विद्यार्थिनीनं हेडफोन लावून गायचं, कानात तानपुरा आणि स्वतःचा आवाज दोन्ही यायला हवेत, पण रेकॉर्डिंगमध्ये फक्त गळा उतरायला हवा. बाई ते नंतर ऐकवून सूर कुठं सरकला ते दाखवतात, आणि तानपुऱ्याच्या आड सगळंच गोड लागतं म्हणून तो त्यात नको. मधूनच हेडफोन काढून खोलीत ऐकवताही आलं पाहिजे. "आणि दादा, आवाज तोंडातून निघाला की लगेच कानात यायला हवा. मोबाइलवर करून बघितलं, तर तो मागून येतोय," ही शेवटची अट.

माझं शाहूपुरीत ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. गणपतीच्या आधीचे दोन महिने मंडळांचे डॉल्बीवाले जळके ॲम्प घेऊन दारात बसलेले असतात. बाकी वर्षभर असली बारीक कामं करायला वेळ मिळतो. हे यंत्र मी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक आणि डब्ल्यूएम ८९६० ही आवाजाची चिप घेऊन बांधलं. आता ते क्लासात रोज चालतंय, तेव्हा चिपबद्दल सांगण्यासारखं बरंच साठलंय.

आधी ओळख. पाच मिलिमीटर चौकोनी, बत्तीस पायांची (म्हणजे पिनांची) ही चिप मूळ एडिनबराच्या वुल्फसन कंपनीची. ॲपलच्या सुरुवातीच्या आयपॉडांत याच कंपनीच्या चिपा असायच्या. २०१४ मध्ये सिरस लॉजिकनं वुल्फसन विकत घेतली. माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा प्रीॲम्प, मिक्सर, आवाजाचे आकडे करणारा आणि आकड्यांचा परत आवाज करणारा भाग, हेडफोनचा ॲम्प आणि वर एकेक वॉटचे दोन स्पीकर ॲम्प, एवढं सगळं तिच्या पोटात आहे. आमच्या उमेदवारीच्या काळात माइकला ४५५८ ही आयसी, पुढं एलएम ३८६ हा छोटा ॲम्प, मध्ये व्हॉल्यूमचे पॉट आणि शिल्डेड वायरची जाळी असा संसार असायचा. इथं एका बाजूला माइक जोडायचा, दुसऱ्या बाजूला हेडफोन. मधली जोडणी सगळी रजिस्टरांतून, म्हणजे संगणकानं आकडे लिहून बदलायच्या चिपमधल्या कप्प्यांतून.

तयार बोर्ड चार-पाच ठिकाणचे मिळतात आणि चिप सगळ्यांवर तीच असते. घेताना एकच बघा, इनपुटचे सहाही पाय बाहेर काढलेत का. मी आणलेल्या पहिल्या बोर्डावर दोन इवलेसे माइक डकवलेले होते आणि उरलेले पाय कुठंच आणले नव्हते. अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावरच्या पायांना भिंगाखाली तार लावत बसायची माझ्या डोळ्यांची आता तयारी नाही. दुसरा बोर्ड घेतला, टपाल धरून दोन हजारांच्या वर पडला, पण सगळे पाय पट्टीवर आलेले.

खरी मजा इनपुटच्या बाजूला आहे. डावीकडं तीन पाय, उजवीकडं तीन. पहिला पाय माइकच्या प्रीॲम्पच्या उलट्या टोकाशी जातो. दुसरा किंवा तिसरा त्याच प्रीॲम्पच्या सुलट टोकाशी जोडता येतो. म्हणजे माइकच्या दोन तारा पहिल्या आणि दुसऱ्या पायाला दिल्या की दोन्हींवर सारखी बसलेली घरघर वजा होऊन जाते. क्लासाच्या खालीच पिठाची गिरणी आहे. तिची मोटर सुरू झाली की साध्या एका तारेच्या जोडणीत पन्नास हर्ट्झचा हम असा यायचा की कुणी षड्ज लावून बसलंय. दोन्ही तारा दिल्यावर तो इतका खाली गेला की खोलीतल्या पंख्याच्या आवाजात बुडतो. पूर्ण जात नाही, त्यालाही कारण आहे. उलट्या टोकाचा इनपुट रेझिस्टन्स गेनप्रमाणे, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा त्याप्रमाणे बदलतो, सुलट्याचा बदलत नाही, त्यामुळं दोन तारांचं पारडं कधीच अगदी समान होत नाही. डायनॅमिक माइक स्वतः दोन-तीनशे ओहमचा असल्यानं फरक थोडक्यावर राहतो एवढंच.

या बदलत्या रेझिस्टन्सकडं बोर्ड बनवणारेही दुर्लक्ष करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. प्रीॲम्पचा गेन उणे १७.२५ डीबीपासून (डेसिबल) अधिक ३० डीबीपर्यंत, पाऊण-पाऊण डीबीच्या पायऱ्यांनी जातो. शून्यावर असताना माइकला समोर साधारण ४९ हजार ओहम दिसतात. तीसवर नेलं की तेच तीन हजारांवर येतात. आता मध्ये १ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर असेल, आणि बहुतेक बोर्डांवर तेवढाच असतो, तर तीन हजार ओहमशी मिळून तो ५३ हर्ट्झच्या आसपास खालचे सूर कापायला लागतो. बाईंच्या मुलींना त्याचा फरक पडत नाही. पण संध्याकाळी एक गृहस्थ येतात, त्यांचा षड्ज काळी एकचा. काळी एक म्हणजे १३८ हर्ट्झ, आणि ते पहाटेचा खर्ज करतात तसा मंद्र षड्जापर्यंत उतरतात तेव्हा ६९. तिथं आवाज पातळ व्हायला लागतो.

उपाय चिपमध्येच आहे. प्रीॲम्पच्या पुढं एक बूस्ट नावाची पायरी आहे: शून्य, १३, २० किंवा २९ डीबी. मी बूस्ट २९ वर ठेवला आणि प्रीॲम्प १२ च्या आसपास. एकूण गेन ४१ डीबी, गाणाऱ्यापासून वीतभर अंतरावरच्या डायनॅमिक माइकला तो पुरतो. प्रीॲम्पचा रेझिस्टन्स वीस हजारांजवळ राहतो आणि तोच १ मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर आता ८ हर्ट्झपर्यंत वाट देतो. जाणकार म्हणतील, गेन जितका आधी घ्याल तितकी खरखर कमी. बरोबर आहे. पण ज्या खोलीच्या खाली गिरणी आणि खिडकीबाहेर रिक्षा आहेत तिथं तो फरक शोधून दाखवावा.

खोक्यावर २४ बिट लिहिलेलं असतं, त्यानं हुरळून जाऊ नका. रेकॉर्डिंगच्या बाजूचा सिग्नल आणि खरखरीतला फरक कंपनीच्याच डेटाशीटप्रमाणं ९४ डीबी आहे, म्हणजे पंधरा-सोळा बिटांचं काम. गाण्याला तेवढं भरपूर झालं.

मोठ्या आवाजाची हद्द मात्र पाठ असू द्या. ३.३ व्होल्टवर चालताना इनपुटला १ व्होल्ट आरएमएस ही कमाल. त्यापुढं आवाज फाटतो. बाईंच्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा आउटपुट पूर्ण उघडला की त्याच्याही वर जातो, म्हणून मध्ये दहा-दहा हजारांचे दोन रेझिस्टर टाकून निम्मा केला. सीडी प्लेअर वगैरे जोडणाऱ्यांनीही हेच करावं, ते २ व्होल्ट देतात. आणि ४८ व्होल्टची फँटम, म्हणजे माइकच्या तारेतूनच जाणारा पुरवठा, मागणारा कंडेन्सर माइक इथं चालत नाही. चिप माइकला देते ते बायस फार तर तीन व्होल्टचं, कॉलर माइकपुरतं.

आता ज्यासाठी ही चिप घेतली ती गोष्ट. तिसरा पाय. त्याला आत एक वेगळी वाट आहे: प्रीॲम्प नको, बूस्ट नको, आकडे करणारा भागही नको, थेट आउटपुट मिक्सरमध्ये. मी तानपुरा दोन्ही बाजूंच्या तिसऱ्या पायाला दिला. तो हेडफोनमध्ये ऐकू येतो आणि रेकॉर्डिंगच्या वाटेला जातच नाही. बाईंची जी अट ऐकून मी डोकं खाजवत होतो ती चिपमध्ये एका बिटानं सुटली. माइकचंही तसंच. बूस्टमधून निघालेला आवाज एकीकडं रेकॉर्डिंगला जातो आणि दुसरीकडं थेट आउटपुट मिक्सरला. रास्पबेरी पायवर लिनक्स चालतं, त्याच्या मिक्सरमध्ये याचं नाव 'आउटपुट मिक्सर बूस्ट बायपास'. हा आवाज संगणकात शिरतच नाही, त्यामुळं उशीर नाही. संगणकातून फिरवून आणला तर ४८ हजारांच्या सॅम्पलिंगला २५६ सॅम्पलचा एक बफर (एका वेळी उचलायचा आवाजाचा तुकडा) म्हणजेच ५ मिलिसेकंदांच्या वर, तो जाताना एक आणि येताना एक. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हाडांतून तत्क्षणी ऐकू येत असतो, त्यात दहा-बारा मिलिसेकंदांनी दुसरा मिसळला की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो. तक्रार करणाऱ्या मुलीला बायपास लावून गायला बसवलं. ती गाऊन झाल्यावर म्हणाली, "काका, माइक चालू होता का?" म्हणजे जमलं.

एक खोट आहे. डावा बूस्ट फक्त डाव्या आउटपुट मिक्सरला जातो, उजवा उजव्याला. माइक एकाच बाजूला जोडला तर गळा एकाच कानात. चिपच्या आत डावं-उजवं ओलांडून जायची वाट या ठिकाणी ठेवलेली नाही. मी माइकच्या दोन्ही तारा दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या कंडेन्सरांतून दिल्या. दोन प्रीॲम्प एका माइकवर आले तरी वीस हजार आणि वीस हजार मिळून दहा हजार होतात, माइकला त्याचा भार नाही. गेन तीसवर ठेवणाऱ्यानं मात्र हे करू नये, तिथं दीडच हजार उरतात. बायपासच्या व्हॉल्यूमच्या पायऱ्याही जाड आहेत, ० ते उणे २१, तीन-तीन डीबीच्या. तानपुरा एक पायरी वर केला की जास्त, खाली केला की कमी, असं होतं. शेवटी तानपुऱ्याच्या स्वतःच्या बटणावर ते काम सोडलं.

चिपमध्ये आवाज आपोआप समान राखणारी सोय आहे, शांततेत माइक बंद करणारं नॉइज गेटही आहे. दोन्ही मूळचीच बंद असतात, ती बंदच ठेवा. बाई जयपूर-अत्रौलीच्या. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी आले तेव्हापासून ही गायकी कोल्हापूरची. लांब दमसासाचे आकार, एकाला एक गुंफलेल्या ताना. आपोआप गेन लावून ऐकलं तर सम यायच्या आधीच पुढचं सगळं सपाट होत होतं, आणि हळू आवाजातल्या जागांवर खालची गिरणी वर येत होती. गेट लावलं तर मींडेचं शेपूट कापलं. वॉकीटॉकीला आणि डोअरबेलला या सोयी ठीक.

आउटपुटकडं येऊ. हेडफोनचा ड्रायव्हर १६ ओहमला ४० मिलिवॉट देतो. बाजारातल्या साध्या ३२ ओहमच्या हेडफोनला क्लासात निम्मा व्हॉल्यूमही लागत नाही. आवाज स्वच्छ, खालचा भाग भरलेला. ज्यांच्याकडं २५० ओहमचे स्टुडिओ हेडफोन आहेत त्यांनी अपेक्षा ठेवू नये. १ व्होल्ट म्हणजे तिथं जेमतेम ४ मिलिवॉट.

जोडणीच्या दोन रीती आहेत आणि इथंच लोक फसतात. हेडफोनच्या पायांवर कायम १.६५ व्होल्टचा डीसी बसलेला असतो. तो अडवायला मोठे कंडेन्सर लागतात: २२० मायक्रोफॅरॅड घातले तरी १६ ओहमला ४५ हर्ट्झपासून खाली उतार सुरू होतो. ते वाचवायला चिपमध्ये आउट ३ नावाचा पाय आहे. तोही त्याच १.६५ व्होल्टवर बसतो आणि हेडफोनच्या जॅकचा समाईक टोक त्याला जोडतात. दोन्हीकडं सारखा डीसी, त्यामुळं कंडेन्सर नको, बास पूर्ण. हेडफोनपुरतं हे फार छान. पण त्या जॅकमधून पिन काढून घरच्या ॲम्पला लावली की ॲम्पचा ग्राउंड थेट आउट ३ वर येतो आणि चिप स्वतःच्याच दाबाला शॉर्ट करत बसते. माझ्या टेबलावर असे बोर्ड आलेत. मालक म्हणतो, "ॲम्पला लावला की नुसता घुमतो ओ." बाईंच्या पेटीत मी दोन जॅक दिले: काळा हेडफोनचा, आउट ३ वर, तांबडा ॲम्पचा, कंडेन्सरातून आणि खऱ्या ग्राउंडवर. ॲम्पचा इनपुट दहा हजार ओहमच्या वरचा असतो, तिथं मोठा कंडेन्सर लागत नाही, १ मायक्रोफॅरॅडमध्ये भागतं. तांबड्यावर जाड अक्षरात 'हेडफोन लावू नये' लिहिलंय.

चालू करताना फट्ट आवाज येतो तो मात्र ड्रायव्हरच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून. तो १.६५ व्होल्टचा मधला दाब सावकाश चढू द्यायची सोय चिपमध्ये आहे. लिनक्सचा ड्रायव्हर ती वापरतो, त्यामुळं माझ्याकडं बारीक टिक् एवढंच ऐकू येतं.

स्पीकरची बाजू लवकर आटपतो. क्लास डी जातीचा ॲम्प, ५ व्होल्टवर ८ ओहमला प्रत्येकी १ वॉट. त्यासाठी स्पीकरचा बूस्ट १.५२ वर ठेवावा, कारण आतला सिग्नल ३.३ व्होल्टचा आणि स्पीकरचा पुरवठा पाचचा. मुळात तो एकवर असतो आणि लोक म्हणतात स्पीकरला दम नाही. दोन्ही तारा जिवंत असतात, एकही ग्राउंडला लावायची नाही, आणि मध्ये फिल्टर नसल्यानं तार वीतभरच ठेवायची. हे सगळं नीट करूनही १ वॉट तो १ वॉट. टेबलावर रेकॉर्डिंग ऐकायला चालतं. पाच-सहा मुली, बाजूला तबला आणि खाली गिरणी असताना नाही. खोलीत ऐकवायला शेवटी बाईंचा जुना ॲम्पच तांबड्या जॅकवर लावला. स्पीकर चालू असताना माइकचा बायपास उघडा राहिला तर शिट्टी बसते, म्हणून टॉगल स्विच टाकून रास्पबेरी पायकडून तो बंद करून घेतो. हेडफोन घातला की चिपनं आपोआप ओळखायची सोयही आहे, पण त्यासाठी तोच तिसरा पाय लागतो, जो तानपुऱ्यानं घेतलाय. क्लॉकचा एक पायही त्या कामाला लावता येतो. माझ्या बोर्डावर तो आधीच गुंतलेला होता.

रजिस्टरांबद्दल एक राग आहे. ती फक्त लिहिता येतात, वाचता येत नाहीत. आपण काय लिहिलं ते चिपला विचारायची सोय नाही. ड्रायव्हर स्वतःची वही ठेवतो आणि त्यावर विश्वास ठेवायचा. रात्री अकराला डाव्या कानात आवाज का नाही हे शोधताना हे फार जाणवतं. मग सगळं रीसेट करून एकेक स्विच पहिल्यापासून.

दुसरं काय घेता आलं असतं? एसजीटीएल ५००० ही चिपही चांगली, तिला हेडफोनपासून वेगळा लाइन आउट आहे, माझे दोन जॅकचे कुटाणे वाचले असते. पण तिच्या माइकच्या गेनच्या पायऱ्या ०, २०, ३०, ४० अशा उड्या मारतात आणि माइक एकच. वुल्फसनचीच जुनी डब्ल्यूएम ८७३१ सोपी आहे, स्पीकर ड्रायव्हर नाही, माइकची बाजू साधी. ज्याला नुसता लाइन इन आणि हेडफोन हवा त्यानं ती घ्यावी. माइक, लाइन आणि हेडफोन तिन्ही एकत्र आणि मध्ये उशीर नको, असं काम असेल तर मी पुन्हा ८९६० च घेईन. स्पीकरसाठी म्हणून घ्यायची असेल तर नको.

आता बाईंना तबल्यालाही माइक हवाय. सहाही पाय भरले, दुसरी चिप रजिस्टरं लिहायच्या त्याच तारांवर जोडावी तर दोघींचा पत्ता एकच, बदलता येत नाही. गळा डावीकडं आणि तबला उजवीकडं असं केलं तर एका चिपमध्ये बसतं, रेकॉर्डिंगही दोन वेगळ्या ट्रॅकवर मिळतं. पण मग कानातही तसंच ऐकू येणार. तबलजींना बसवून एकदा ऐकवतो. चाललं तर तसं, नाहीतर चिपच्या अलीकडं छोटा मिक्सर.